श्रीनगरहून एका दिवसात गुलमर्ग: आईला गोंडोला आणि मुलीला स्की, दोन्ही जमेल का?

पायवाट

नमस्कार मंडळी,

हिवाळ्यात काश्मीरला जायचं ठरतंय. आम्ही चौघं आहोत: मी, बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि माझी आई. आईचं वय ६८. बीपीची गोळी चालू आहे, गुडघे अजून चांगले आहेत, पण बर्फावर ती आयुष्यात चाललेली नाही. सगळा मुक्काम श्रीनगरमध्ये, दल लेकच्या आसपास करायचाय, कारण रोज सामान बांधून हॉटेल बदलणं आईला झेपत नाही. म्हणजे गुलमर्गसाठी एकच दिवस. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत.

मुलीचा जीव स्कीमध्ये अडकलाय. पायाला स्की बांधून फोटो काढला की झालं, असं तिचं नाही. तिला शिकायचंय. आईला गोंडोलात, म्हणजे तिथल्या केबल कारमध्ये बसून वरून बर्फ बघायचाय. ट्रॅव्हल एजंटला विचारलं तर तो प्रत्येक प्रश्नाला "सब हो जाएगा सर" एवढंच म्हणतो. गाडी कुठपर्यंत जाईल, घाटाच्या पायथ्याशी टंगमर्गला ती बदलावी लागते का, त्याचे पैसे वेगळे का, यातलं काहीच तो सरळ सांगत नाही.

आमचा विचार २० डिसेंबरनंतरचा आहे, नाताळच्या सुट्टीत. विमानाची तिकिटं अजून काढलेली नाहीत. श्रीनगरहून किती वाजता निघावं, गाडी कुठली करावी, गोंडोलाचं तिकीट आधी काढावं का, आणि एका दिवसात मुलीला खरंच काही शिकता येईल का? जे जाऊन आलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सह्यभटक

आम्ही मार्चच्या शेवटी गेलो होतो, दहा जणांचा ग्रुप. टेम्पो ट्रॅव्हलर केली होती. नऊला निघालो, गोंडोलाच्या दोन्ही फेज (खालचा टप्पा वन, वरचा टू) केल्या, संध्याकाळी सहाला परत. मस्त दिवस गेला. रस्ता मोकळा होता, गाडी थेट वर गेली.

स्कीचं मात्र मनातून काढून टाका. एका दिवसात स्की येत नाही. तिथे लोक मागे लागतात, पाचदहा मिनिटं हात धरून ओढतात, फोटो काढतात आणि पैसे घेतात. त्यापेक्षा फेज टूला जा, खरा बर्फ तिथे आहे.

चिनारपान

पायवाट, मी नोकरीनिमित्त श्रीनगरला राहते आणि हिवाळ्यात सुट्टीचा दिवस मिळाला की गुलमर्ग गाठते. स्की मी तिथल्याच सरकारी संस्थेत शिकले, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंगमध्ये. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, हा दिवस माझ्या चांगला अंगवळणी पडलाय, म्हणून जरा लांबण लावते.

सह्यभटक, तुमचं एक म्हणणं मला मान्य नाही. एका दिवसात स्की येत नाही हे बरोबर. पण अकरा वर्षांचं धडधाकट मूल तीनचार तासांत स्कीवर उभं राहायला, सावकाश घसरायला आणि हवं तिथे थांबायला शिकतं. हे मी दर हिवाळ्यात बघते. अट एकच, त्या दिवशी त्या मुलाला दुसरीकडे कुठेही न्यायचं नाही. गोंडोलाच्या दोन फेज, घोडा, स्लेज, स्नोमोबाइल आणि वर स्की असा दिवस आखला की स्कीच्या वाट्याला तीच दहा मिनिटं उरतात. मग माणसं म्हणतात, स्की जमत नाही.

म्हणून पायवाट, तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर असं: दोन्ही जमेल, पण दोन्ही एकाच माणसाला नाही. गुलमर्गला पोचल्यावर कुटुंबाचे दोन भाग करा. एक जण मुलीबरोबर खालच्या उतारावर, दुसरा आईबरोबर गोंडोलात. हे मनाशी पक्कं केलं की बाकीचा दिवस सोपा आहे.

आता रस्ता. श्रीनगर ते गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. परिमपोऱ्यावरून बारामुल्ल्याचा हायवे धरायचा, नारबलला डावीकडे वळायचं, मग मागाम, कुंझर आणि टंगमर्ग. टंगमर्गपर्यंतचा रस्ता बहुतेक सपाट, सफरचंदाच्या बागांमधून जाणारा. बर्फ पडून गेला तरी तो लवकर मोकळा होतो. दिवसाचं सगळं गणित शेवटच्या १३ किलोमीटरवर ठरतं, टंगमर्गहून वर चढणाऱ्या घाटात. वळणावळणाचा रस्ता, दोन्ही बाजूंना उंच झाडं. त्यांच्या सावलीमुळे काही वळणांवर दिवसभर ऊन पोचत नाही, आणि तिथला बर्फ दाबून काचेसारखा होतो. ताजा बर्फ असला की साध्या टायरच्या गाड्या पोलीस टंगमर्गलाच थांबवतात. पुढे फक्त टायरला साखळ्या, म्हणजे चेन लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्या. सह्यभटक मार्चअखेरीला गेले तेव्हा रस्ता मोकळा मिळाला. जानेवारी-फेब्रुवारीत तसं धरून चालू नका.

एजंट इथेच अस्पष्ट बोलतात. त्याला सरळ तीन प्रश्न विचारा आणि उत्तर मेसेजवर लेखी घ्या. गाडी टंगमर्गपर्यंत की गुलमर्गपर्यंत? बर्फ असेल तर चेन कोण लावणार, की वरची गाडी वेगळी करायची? आणि ती वेगळी असेल तर तिचं भाडं पॅकेजमध्ये आहे की नाही? टंगमर्गला चेनही भाड्याने मिळतात आणि वर जाणाऱ्या सुमोही मिळतात, युनियनचे दर ठरलेले असतात. अडचण गाडी मिळण्याची नसते. सकाळी साडेनऊला बर्फात उभं राहून पैशांवरून हुज्जत घालण्यात जो पाऊण तास जातो, तो तुमच्या मुलीच्या स्कीमधून वजा होतो.

स्वस्तातला मार्गही आहे. परिमपोऱ्याहून टंगमर्गपर्यंत शेअर सुमो, तिथून दुसरी सुमो वर. मी एकटी असले की अशीच जाते, स्की टपावर बांधून. पण आई बरोबर असताना हे करू नका. सीट भरेपर्यंत थंडीत ताटकळावं लागतं, आणि परतीला तर जास्तच. टुरिस्ट रिसेप्शन सेंटरवरून सहलीची बस सुटते, पण तिची वेळ तिच्या हिशेबाने असते. तुम्हाला स्वतःची गाडी हवी, दिवसभर थांबणारी.

निघायची वेळ साडेसात. त्याआधी निघून फायदा नाही. जानेवारीच्या सुरुवातीला इथे सूर्यच साडेसातच्या पुढे उगवतो, आणि पहाटे दवाने गोठलेल्या रस्त्यावर काळोखात गाडी पळवण्यात शहाणपण नाही. त्यानंतर निघालात तर सकाळी येणाऱ्या पर्यटकांची सगळी रांग टंगमर्गला तुमच्या पुढे असते. साडेसातला निघून पावणेनऊ-नऊला टंगमर्ग, दहाच्या आसपास गुलमर्ग. सूर्य साडेपाचला मावळतो. घाटातलं वितळलेलं पाणी त्याच्याही आधी पुन्हा गोठायला लागतं. म्हणून साडेतीनला गुलमर्ग सोडायचं, हे ड्रायव्हरला सकाळीच सांगून ठेवा आणि स्वतःही पाळा. "अजून एक राउंड" म्हणणाऱ्या मुलीला नाही म्हणायची तयारी ठेवा.

गोंडोलाची तिकिटं आधी ऑनलाइन काढा. जम्मू अँड काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच काढा, कुणा मध्यस्थाकडून नाही. तिकीट नावावर आणि तारखेवर असतं, ओळखपत्र दाखवावं लागतं. गर्दीच्या दिवसांत ती आधीच संपतात. आणि हे तुमच्या एजंटने सांगितलं नसेल: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालतं. चौघांचेही नंबर प्रीपेड असतील तर दोन भागांत विभागलेलं कुटुंब एकमेकांना फोनसुद्धा करू शकणार नाही. दोघांचे तरी नंबर पोस्टपेड करून या आणि तिकिटं कागदावर छापून आणा. थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते.

आता तारखेबद्दल. माझी मनापासून विनंती आहे, नाताळ सोडा. तिकिटं काढली नाहीत हे फार बरं झालं. चिल्लई कलान, म्हणजे इथल्या कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, २१ डिसेंबरला सुरू होतात. थंडी तेव्हा येते, पण बर्फ त्याच दिवशी येतो असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये महिना सरत आला तरी गुलमर्गचं मैदान पिवळ्या गवताचं होतं. लोक लांबून आले होते, मुलं रिकाम्या उतारांकडे बघत बसली होती. २०२५ च्या फेब्रुवारीत बर्फ कमी म्हणून खेलो इंडिया विंटर गेम्स पुढे ढकलाव्या लागल्या, त्या मार्चमध्ये झाल्या. हमी कुठल्याच तारखेची देता येत नाही, पण जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा. नाताळात बर्फ अनिश्चित, गर्दी मात्र नक्की.

पायवाट

चिनारपान ताई, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा बघतोय, मुलीच्या शाळेत बोलून घेतो.

अजून काही गोष्टी विचारतो. तो खालचा उतार नेमका कुठे आहे, आणि शिकवणारा माणूस कसा निवडायचा? कपडे इथूनच विकत आणू का? आणि आईला फेज टूपर्यंत न्यावं का? ती म्हणते, आलेच आहे तर टोकापर्यंत जाते.

स्टेथोस्कोप

आईंच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, डॉक्टर आहे.

श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८५ मीटरवर आहे, गुलमर्ग २,६५० वर. फेज वन तुम्हाला कोंगडोरीला नेते, म्हणजे ३,०८० मीटरच्या आसपास. फेज टू अफरवट डोंगराच्या अंगाला, ३,९५० मीटरच्या आसपास. त्या उंचीवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के असतो. सकाळी दल लेकवर चहा घेतलेला माणूस दुपारी तिथे उभा असतो, शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. तरुण माणसांनाही डोकं दुखणं, मळमळ, धाप लागणं हे होतं. त्यात थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी वाढतं.

६८ वर्षं, बीपीची गोळी, आणि उंचीचा आधीचा अनुभव नाही. मी माझ्या आईला फेज वनपर्यंत नेलं असतं, पुढे नाही. निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा, बीपी ताब्यात आहे याची खात्री करा, आणि त्या दिवशीची गोळी चुकवू नका. श्रीनगरला पोचल्यावर निदान दोन रात्री काढून मगच गुलमर्ग ठेवा. पाणी भरपूर. थंडीत तहान लागत नाही, आणि बाथरूमची सोय नसेल म्हणून वयस्कर बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत. आईंना हे आधीच समजावून सांगा.

वाटेत ऑक्सिजनचे छोटे डबे विकतात. काही मिनिटं पुरतात. त्रास झाला तर उपाय एकच, लगेच खाली उतरणं. डबा हातात आहे म्हणून वर थांबू नका.

सगळ्यांना काळे चष्मे हवेतच. ताजा बर्फ सूर्याच्या अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. दिवसभर उघड्या डोळ्यांनी बर्फावर खेळलेलं मूल रात्री डोळे लाल होऊन रडतं. ढगाळ असलं तरी चष्मा काढू देऊ नका, आणि सनस्क्रीन हनुवटीखाली व नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा.

चिनारपान

डॉक्टरांशी पूर्ण सहमत. आईंना सांगा, फेज वन म्हणजे कमीपणा नाही. कोंगडोरीला चहूकडे बर्फ असतो, बसायला जागा असते, गरम कहवा मिळतो. आकाश स्वच्छ असेल तर उत्तरेला नंगा पर्वत दिसतो, ८,१२६ मीटरचा. मला विचाराल तर बसून निवांत बघायला कोंगडोरीच चांगलं. वर अफरवटला वारा एवढा असतो की माणूस चेहरा झाकण्यातच गुंततो. शिवाय वारा वाढला की पहिल्यांदा फेज टूच बंद होते, त्यामुळे तिच्या भरवशावर दिवस आखणं तसंही धोक्याचं.

सुमो स्टँडपासून गोंडोलापर्यंत साधारण किलोमीटरभर चालावं लागतं. आईंसाठी दिवसातला सगळ्यात अवघड तुकडा हाच आहे. पायाखाली तुडवून गुळगुळीत झालेला बर्फ असतो. टंगमर्गला भाड्याने मिळणारे गमबूट घ्या, पण तळ हाताने चाचपून बघा. झिजलेला असेल तर दुसरा जोड मागा. पाऊल छोटं, सपाट टाकायचं, टाच आधी टेकवायची नाही. नको वाटलं तर स्लेज घ्या. लाकडी पाटावर बसवून माणूस दोरीने ओढतो. तिथे स्लेजवाल्यांचा गराडा पडतो हे खरं, पण त्यांच्यावर चिडू नका. आसपासच्या गावांतली माणसं आहेत, त्यांचं वर्षाचं उत्पन्न या तीनचार महिन्यांवर उभं आहे. जायचं-यायचं मिळून किती, हे बसण्याआधी ठरवा आणि ठरलेले पैसे नीट द्या. नको असेल तर हसून एकदा "नको" म्हणा आणि चालत राहा.

आता तुमच्या मुलीचं. गोंडोलाच्या तळाजवळ आणि गोल्फ कोर्सवर सौम्य उतार आहेत. उन्हाळ्यात तिथे गोल्फ चालतं, हिवाळ्यात तीच शिकाऊंची जागा. गोंडोलाचं तिकीट लागत नाही. ड्रॅग लिफ्ट, म्हणजे स्कीवर उभ्या माणसाला वर ओढून नेणारी दोरी, चालू असेल तर तिने वर जायचं, नसेल तर स्की आडव्या ठेवून पायरी-पायरीने चढायचं. चढण्याचा हा भाग मुलांना कंटाळवाणा वाटतो, पण त्यातच स्कीची कड बर्फात कशी रुतवायची ते पायाला कळतं. म्हणून पहिला तास चढण्यात गेला तर वाईट वाटून घेऊ नका.

शिकवणारा निवडताना पर्यटन खात्याकडे नोंद झालेल्याचं ओळखपत्र मागा. बोली तासाची किंवा अर्ध्या दिवसाची करा, राउंडची कधीच नाही. राउंडवर पैसे घेणारा मुलाला ओढत नेणार, कारण जितके जास्त राउंड तितके जास्त पैसे. वेळेवर पैसे घेणारा थांबून शिकवतो. दुसरी खूण: चांगला माणूस आधी पडायला शिकवतो. बाजूला, कुल्ल्यावर पडायचं, हात मागे टेकवायचे नाहीत. मग उठायला. मग स्कीची टोकं जवळ आणि शेपट्या लांब करून थांबायला. हे तीन झाल्याशिवाय जो वरून सोडून देतो, त्याला तिथेच थांबवा. तुम्ही पालक आहात, मध्ये बोलायचा तुम्हाला हक्क आहे.

सामान भाड्याने घेताना सगळ्यात जास्त वेळ बुटावर घालवा. स्कीपेक्षा बूट महत्त्वाचा. त्यात एकच मोजा घालायचा, पातळ किंवा मध्यम, गुडघ्याखालपर्यंतचा, लोकरीचा. थंडी वाजेल म्हणून आया तीन मोजे घालतात. मग बूट आवळला की रक्त थांबतं, पाय उलट जास्त गारठतो, आणि मोज्याच्या घडीने नडगी सोलते. बकल लावून तिला गुडघे पुढे वाकवायला सांगा. टाच बुटातून उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. पुढच्या बाजूला नडगी बुटाला नीट टेकली पाहिजे, कारण स्की वळते ती तिथून दिलेल्या दाबाने. बोटं चेपत असतील तर लहान आहे. दुकानदार घाईत असतो, "चलेगा, चलेगा" म्हणतो. तुम्ही शांतपणे तिसरा जोड मागा. स्कीची उंची तिच्या हनुवटीपर्यंत. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारा भाग, तिच्या वजनाप्रमाणे सैल करून द्यायला सांगा, म्हणजे पडली की स्की पायातून सुटेल आणि गुडघा पिरगळणार नाही. एवढी एक गोष्ट विसरू नका. हेल्मेट मागून घ्या, आपणहून देतीलच असं नाही.

कपडे विकत आणायची गरज नाही. आतून थर्मल, वर फ्लीस, आणि सगळ्यात वर पाणी न शिरणारं जॅकेट-पँट. हे वरचं भाड्याने मिळतं. तेवढी जीन्स घालू देऊ नका. मूल दहादा पडणार, जीन्स भिजणार आणि अर्ध्या तासात लाकडासारखी कडक होणार. हातमोजे मात्र स्वतःचे आणा, पाणी न शिरणारे, आणि एक जोड जास्तीचा. हात गारठले की मुलाचं शिकणं तिथेच संपतं. माझ्या डोळ्यांसमोर किती मुलांचा दिवस केवळ ओल्या हातमोज्यांपायी अर्ध्यावर मोडलाय. आयांना वाटतं मूल दमलं. दमलेलं नसतं, त्याची बोटं दुखत असतात आणि ते सांगत नसतं. दर तासाला हातमोजे काढून तिची बोटं स्वतः हातात घेऊन बघा.

पावडर

ताई, मी स्नोबोर्ड करतो, औलीला आणि सोलांगला केलंय. मलाही श्रीनगरहून एकाच दिवसाचा वेळ आहे. फेज टूने वर जाऊन बोर्डवर खाली यायचा विचार आहे. एकटाच आहे. जमेल ना?

चिनारपान

पावडर, एकटे असाल तर माझं उत्तर नाही असं आहे.

औलीचा उतार आखलेला आहे. अफरवट तसा नाही. वरच्या स्टेशनबाहेर पडलात की समोर उघडा डोंगर. त्यातला गोंडोलाजवळचा ठरावीक पट्टा स्की पेट्रोल, म्हणजे तिथलं गस्तीपथक सांभाळतं, तिथे हिमस्खलनाचा अंदाज घेतला जातो आणि धोका वाटला तर तो बंद ठेवतात. त्या पट्ट्याबाहेर पाऊल टाकलंत की तुमची जबाबदारी तुमची. दुरून दोन्हीकडचा बर्फ अगदी सारखाच दिसतो. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या बाजूला हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन गेला. ही अनुभवी माणसं होती.

तुम्हाला घाबरवायचं नाहीये. हा डोंगर जगात नावाजलेला आहे आणि तुम्ही तो जरूर करावा. पण त्यासाठी आदल्या रात्री गुलमर्गमध्ये असायला हवं. सकाळी स्की पेट्रोलची सूचना वाचायची, स्थानिक गाइड बरोबर घ्यायचा, अंगावर ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याचा ठावठिकाणा देणारं यंत्र), पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं, आणि ते वापरता येणारा जोडीदार. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवायला साधारण पंधरा मिनिटं हातात असतात. तेवढ्यात फक्त शेजारचाच माणूस पोचू शकतो. श्रीनगरहून धावतपळत येणाऱ्याकडे सूचना वाचायलाही वेळ नसतो, आणि साडेतीनची गाडी डोक्यात असते. घाईत माणूस जवळची घळ निवडतो.

एकच दिवस असेल तर फेज वनचा पास काढा आणि कोंगडोरीहून झाडांमधल्या रुळलेल्या वाटेने खाली गुलमर्गपर्यंत या. पुन्हा वर जा, पुन्हा या. दिवस भरपूर भरतो.

पावडर

समजलं ताई. दोन रात्री वाढवता येतात का बघतो, मित्रालाही विचारतो. नाहीतर फेज वन.

पायवाट

शाळेत बोललो, फेब्रुवारी नक्की झालं. आईला फेज वनचं पटलं, नंगा पर्वताचं नाव ऐकून खूश आहे. बायको आईबरोबर गोंडोलात जाईल, मी मुलीजवळ उतारावर थांबेन.

शेवटचं विचारतो. त्याच दिवशी भरपूर बर्फ पडून रस्ता बंद झाला तर? गोंडोलाचं तिकीट तर तारखेचं असणार.

चिनारपान

म्हणूनच गुलमर्ग सहलीच्या मधल्या दिवसांत ठेवा, शेवटच्या दिवशी कधीच नको. पाच रात्री असतील तर तिसरा दिवस. डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन रात्रीही त्यात बसतात, आणि पुढे दोन दिवस हाताशी राहतात. तिकीट आईंचं आणि तुमच्या बायकोचं, दोनच काढायचंय. ते वाया गेलं तरी नुकसान मोठं नाही. मुलीचा उतार तारखेला बांधलेला नाही, तो दुसऱ्या दिवशीही तिथेच असेल.

उलट, मोठी बर्फवृष्टी होऊन गेल्याचा दुसरा दिवस शिकायला उत्तम. रस्ता सकाळी उशिरा उघडतो, पण वर बर्फ मऊ असतो, पडलं तर लागत नाही. त्या दिवशी साडेसातऐवजी नऊला निघा. आधी ड्रायव्हरला टंगमर्गला फोन लावायला सांगा, तिथला चेन लावणारा पोरगा कुठल्याही वेबसाइटच्या आधी सांगतो की वर गाड्या सोडतायत की नाही.

आणि दोन दिवस लागोपाठ गुलमर्गचा घाट बंदच राहिला तर आईंसाठी सोनमर्गचा विचार करा. श्रीनगरहून साधारण ८० किलोमीटर. जानेवारी २०२५ मध्ये झेड-मोड बोगदा सुरू झाल्यापासून हिवाळ्यातही तिकडे जाता येतं. स्की शिकायला ती जागा गुलमर्गची बरोबरी करत नाही, पण बर्फ आहे, आणि गाडीतून उतरून थोडं चाललं की समोर डोंगर उभे. तिकडेही त्या सकाळी रस्ता चालू आहे का, हे ड्रायव्हरकडून विचारूनच निघा. भरपूर बर्फ पडलेला असेल तर त्या बाजूलाही हिमस्खलनाचा इशारा असतो.

मुलीच्या हातमोज्यांचा जास्तीचा जोड हॅंडबॅगेत ठेवा, चेक-इन सामानात नको.